आर्लचा फोटो महोत्सव: जाण्याआधी हमखास विचारले जाणारे प्रश्न

दक्षिण फ्रान्समधल्या आर्ल या गावात दर उन्हाळ्यात फोटोंचा मोठा महोत्सव भरतो. मराठी फोटोग्राफर मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर उन्हाळा जवळ आला की त्याचा विषय निघतो आणि तेच ते प्रश्न फिरत राहतात. त्यांची उत्तरं इथे एका जागी दिली आहेत. काही लांबली आहेत, काही दोन ओळींत आटोपली आहेत.

तिथे नेमकं असतं काय?

जुलैच्या पहिल्या आठवड्यापासून सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत गावभर प्रदर्शनं असतात, साधारण तीस ते चाळीस. शिवाय पहिल्या आठवड्यात व्याख्यानं, पुस्तकांची प्रकाशनं आणि रात्री रोमन काळातल्या उघड्या नाट्यगृहात पडद्यावर फोटोंचे कार्यक्रम. १९७० साली फोटोग्राफर ल्युसिएँ क्लेर्ग, लेखक मिशेल तुर्निए आणि संग्रहालयाचं काम पाहणारे जाँ-मोरिस रुकेत या तिघांनी हे सुरू केलं. क्लेर्ग आर्लचाच. त्या काळी फ्रान्समध्येही फोटोला चित्राच्या पंगतीला कुणी बसवत नव्हतं. क्लेर्ग आणि रुकेतने १९६५ मध्ये गावच्या रेआत्यु संग्रहालयात फोटोंचा विभाग उघडला होता, त्यातून पुढे हा महोत्सव आला. १९७४ मध्ये खुद्द अ‍ॅन्सल अ‍ॅडम्स, निसर्गाच्या कृष्णधवल फोटोंसाठी गाजलेला अमेरिकन फोटोग्राफर, इथे येऊन गेला. २०२० मध्ये कोविडमुळे महोत्सव रद्द झाला.

गाव लहान आहे, लोकसंख्या पन्नास हजारांच्या आसपास. व्हॅन गॉग १८८८-८९ मध्ये इथे राहिला, इथल्याच रुग्णालयात भरती झाला. ते रुग्णालय आज महोत्सवाच्या प्रदर्शनांची एक जागा आहे.

ही स्पर्धा असते का? माझा एक फोटो पाठवला तर?

हा सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न, आणि बरेचसे गैरसमज इथूनच सुरू होतात.

आपल्याकडे कॅमेरा क्लबात तयार झालेल्या माणसाच्या लेखी फोटो म्हणजे एक फोटो. वारीत भिजलेला म्हातारा, जेजुरीचा उधळलेला भंडारा, धुक्यातला धनगर आणि त्याची मेंढरं. फोटो सलोनला, म्हणजे क्लबांच्या स्पर्धा-प्रदर्शनाला जातो, निवड झाल्याचा अ‍ॅक्सेप्टन्स येतो, नशीब असेल तर मेडल. परीक्षक एका फोटोपुढे काही सेकंद थांबतात, त्यामुळे त्या काही सेकंदांत जे डोळ्यात भरेल तेच टिकतं. या शिस्तीत अनेकांचा हात बसला, प्रकाश कळला, चौकट कळली. तिला नावं ठेवायचं कारण नाही.

पण आर्लला हे चालत नाही. तिथे एका माणसाचं काम म्हणजे कधी पन्नास फोटो, त्यांच्याबरोबर जुनी कात्रणं, सरकारी कागद, कुटुंबाचे अल्बम, आवाजाची ध्वनिफीत आणि भिंतभर मजकूर. सुटे घेतले तर त्यातले कितीतरी फोटो आपल्या क्लबात पहिल्याच फेरीत बाद होतील. रिकाम्या प्लॉटचा सपाट उजेडातला फोटो, टेबलावर ठेवलेली काचेची बाटली, कॅमेऱ्याकडे नुसती बघणारी बाई. पहिल्यांदा जाणारे इथेच वैतागतात: "यात काय आहे? हा तर मीही काढला असता."

मॅथ्यू आसेलँ या फ्रेंच-व्हेनेझुएलन फोटोग्राफरचं मॉन्सँटो या अमेरिकन रसायन आणि बियाणे कंपनीवरचं काम २०१७ मध्ये आर्लला लागलं होतं. पाच वर्षांचा शोध त्यामागे होता. अमेरिकेतल्या अ‍ॅनिस्टन गावात पीसीबी नावाच्या रसायनाने नासलेली जमीन आणि तिथली माणसं, व्हिएतनाममध्ये एजंट ऑरेंज या युद्धात फवारलेल्या विषारी तणनाशकाचे परिणाम अजून भोगणारी कुटुंबं, आणि या सगळ्याशेजारी कंपनीच्या जुन्या, गुलाबी स्वप्नं दाखवणाऱ्या जाहिराती. अ‍ॅनिस्टनमधल्या एखाद्या मोकळ्या जागेचा फोटो सुटा पाहिला तर त्यात काहीच नाही. जाहिरात पाहून झाल्यावर त्याच फोटोपुढे पुन्हा उभे राहा, पोटात गोळा येतो. परिणाम दोन फोटोंच्या मधल्या जागेत घडतो. आर्लला जाऊन एवढं एक पाहायला शिकलो तरी विमानाचं भाडं वसूल, असं माझं मत आहे.

पुरस्कार असतात, पण ते पुस्तकांना, पुस्तकांच्या कच्च्या प्रतींना आणि नव्या कलाकारांच्या संपूर्ण प्रदर्शनांना. सुट्या फोटोला बक्षीस नाही.

विषय कसले असतात? सगळं राजकारणच असतं असं ऐकलं.

सगळं नाही. एखाद्या दिवंगत फोटोग्राफरचा मोठा आढावा, फॅशन, जुने संग्रह, कुटुंबाचे अल्बम हेही असतं. २०२४ मध्ये मेरी एलन मार्कचं मोठं प्रदर्शन होतं, २०२३ मध्ये सॉल लायटरचं. दरवर्षी एक सूत्र जाहीर होतं. २०२४ चं साधारण ‘पृष्ठभागाखाली’ असं होतं, २०२५ चं ‘न जुमानणाऱ्या प्रतिमा’. सूत्र सैल असतं, त्यात काहीही बसवता येतं, म्हणून त्यावर फार डोकं खपवू नका.

आजच्या प्रश्नांवरचं काम मात्र ठळकपणे दिसतं. २०१६ मध्ये स्पॅनिश कलाकार लाया आब्रिलने गर्भपातावर केलेलं काम आर्लला होतं. कायद्याने वाट बंद केली की बायका काय करतात, कुठली हत्यारं, कुठली औषधं वापरतात, हे तिने वस्तूंच्या थंड, स्वच्छ फोटोंतून मांडलं. रक्ताचा थेंबही न दाखवता अंगावर काटा आणणारं. २०२३ मध्ये नव्या कलाकारांसाठीच्या ‘डिस्कव्हरी’ पुरस्काराचा परीक्षकांचा मान एक्वादोरच्या इसादोरा रोमेरोला मिळाला. तिचा विषय होता नाहीशी होत चाललेली देशी बियाणी आणि त्यांच्याबरोबर जाणारं पूर्वजांचं ज्ञान. आपल्याला तिथे अकोले तालुक्यातल्या, देशी बियाणी जपणाऱ्या राहीबाई पोपेरे आठवल्याशिवाय राहत नाहीत.

तक्रारही सांगतो. पर्यावरणावरच्या काही प्रदर्शनांत फोटो मागे पडतो आणि प्रवचन पुढे येतं. दाराशी दोन फलक भरून मजकूर, आत चार पुसट फोटो. विषय थोर आहे म्हणून काम थोर ठरत नाही, हे फ्रान्समध्येही तितकंच खरं. अशा खोलीतून पाच मिनिटांत बाहेर पडायला लाजू नका.

तंत्रज्ञानावर काय पाहायला मिळतं? एआयने बनवलेले ‘फोटो’ चालतात का?

आर्लने हा विषय फार लवकर हातात घेतला. २०११ मध्ये क्लेमाँ शेरू, जोआन फोंतकुबेर्ता, एरिक केसेल्स, मार्टिन पार आणि योआखिम श्मिड या पाच जणांनी मिळून एक प्रदर्शन मांडलं. त्यातल्या कलाकारांपैकी बऱ्याच जणांनी कॅमेरा हातातच घेतला नव्हता. इंटरनेटवर पडलेले, दुसऱ्यांनी काढलेले, यंत्रांनी टिपलेले फोटो उचलून त्यांनी काम उभं केलं होतं. त्या वेळी अनेकांनी नाकं मुरडली. आज फोनच्या गॅलरीतले हजारो फोटो पाहिले की त्या पाच जणांना काय दिसलं होतं ते कळतं. त्याच वर्षी केसेल्सने अ‍ॅमस्टरडॅममध्ये फ्लिकर या फोटोंच्या वेबसाइटवर एका दिवसात चढलेले फोटो छापून खोल्यांमध्ये त्यांचे डोंगर रचले होते.

एआयबद्दल बोलायचं तर शेजारच्या एका महोत्सवातली गोष्ट सांगायलाच हवी. पेर्पिन्याँ हे दक्षिण फ्रान्समधलंच शहर. तिथे १९८९ पासून फक्त बातमीदारीच्या फोटोंचा महोत्सव भरतो. २०२१ मध्ये नॉर्वेचा योनास बेंडिक्सन या मॅग्नम संस्थेच्या फोटोग्राफरचं ‘वेलेस’वरचं काम तिथे रात्रीच्या पडद्यावर दाखवलं गेलं. वेलेस हे उत्तर मॅसिडोनियातलं गाव. २०१६ च्या अमेरिकन निवडणुकीच्या वेळी तिथल्या तरुणांनी खोट्या बातम्यांच्या वेबसाइट चालवून पैसा केला होता. बेंडिक्सन गावात गेला, रिकाम्या खोल्यांचे, रस्त्यांचे खरे फोटो काढले आणि घरी येऊन त्यात संगणकावर बनवलेली माणसं बसवली. अस्वलंसुद्धा बसवली. पुस्तकातला मजकूर यंत्राकडून लिहून घेतला. पुस्तक निघालं, कौतुक झालं, कुणाला संशय आला नाही. शेवटी त्यानेच फेसबुकवर एक खोटं खातं काढलं आणि त्या खात्यावरून स्वतःवर आरोप केले, म्हणजे कुणीतरी शोध घेईल. मग सगळं उघड केलं. ज्या प्रेक्षकांचा धंदाच फोटो पारखण्याचा, तेही फसले. खोट्या बातम्यांच्या गावावर खोटे फोटो करणं ही लबाडी की पत्रकारिता, यावर तुमच्या ग्रुपात एक संध्याकाळ नक्की भांडण होईल.

दोन वर्षांनी जर्मनीच्या बोरिस एल्डाग्सनने एका मोठ्या जागतिक स्पर्धेत एआयने बनवलेलं चित्र पाठवलं, ते निवडलं गेलं आणि त्याने पुरस्कार नाकारला. त्याचं म्हणणं असं की हा फोटो नाही, आणि या दोन गोष्टी एका रांगेत उभ्या करू नयेत.

तर आर्लसारख्या ठिकाणी एआयची कामं येतात, पण कशी बनली ते सांगून. कलाकृती म्हणून हरकत नाही. फोटो म्हणून खपवली तर मात्र आहे.

फोटो चर्चमध्ये आणि दुकानाच्या माडीवर का लावतात?

सुरुवातीला जागा नव्हती म्हणून. आता तीच या महोत्सवाची ओळख आहे. आर्लमध्ये वापरातून गेलेली जुनी चर्चेस बरीच. उंच छत, थंड दगड, खिडक्यांतून सरकत जाणारा उजेड. रेल्वेचे जुने कारखाने १९८४ मध्ये बंद पडले. त्यांच्या प्रचंड शेड्समध्येही प्रदर्शनं लागतात. त्याच आवारात वास्तुरचनाकार फ्रँक गेरीने बांधलेला लुमा या कलासंस्थेचा चकाकता स्टीलचा मनोरा २०२१ मध्ये उघडला. तो सुंदर आहे की भयानक यावर गावात एकमत नाही. मनोऱ्यात शिरताना महोत्सवाचं तिकीट आणि लुमाचे कार्यक्रम यांची गल्लत करू नका, दोन्ही संस्था वेगळ्या. स्टेशनजवळच्या सुपरमार्केटच्या वरच्या मजल्यावरही प्रदर्शन असतं. खाली बटाटे, वर फोटो.

जागा आणि काम यांचं जमलं की काय होतं, याचं उदाहरण २०२४ मध्ये फ्रेंच कलाकार सोफी कालने दिलं. आर्लच्या चौकाखाली रोमनांनी बांधलेली भुयारं आहेत, ओल धरलेली. इतकी की तिथे लावलेल्या प्रिंटना बुरशी लागते. सोफीच्या जुन्या कामांची एक मालिका साठवणुकीच्या जागेत पाणी शिरून बुरशीने खराब झाली होती, नष्ट करण्याचा सल्ला मिळाला होता. तिने ती फेकली नाही. त्याच भुयारात आणून लावली, शेवटपर्यंत कुजायला. तिथल्या मिणमिणत्या उजेडात ते प्रिंट पाहताना संग्रहालय या कल्पनेचंच हसू येतं.

भारताचा काही संबंध? मराठी नावं?

२००७ मध्ये आर्लने भारतावर मोठा भर दिला होता. रघु राय, पाब्लो बार्थोलोम्यू यांची कामं तेव्हा तिथे लागली. २०२३ चा ‘डिस्कव्हरी’ विभाग दिल्लीच्या तन्वी मिश्रा यांनी रचला होता, त्यामुळे त्या वर्षी दक्षिण आशियातली कामं लक्षणीय होती. पणजीत डिसेंबरमध्ये होणारा सेरेंडिपिटी आर्ट्स फेस्टिव्हल ज्या संस्थेचा, तिने आर्लच्या साथीने दक्षिण आशियातल्या कलाकारांसाठी एक अनुदान सुरू केलं. त्याची घोषणा होते का, यावर लक्ष ठेवा.

या धाटणीचं काम आपल्याकडे नाही असं अजिबात नाही. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांबरोबर वर्षानुवर्षं राहून सुधारक ओलवे यांनी काढलेले कृष्णधवल फोटो पाहा. एकच विषय, तीच माणसं, पुन्हा पुन्हा. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आर्लला जाण्याआधी ते काम बघून गेलात तर तिथली भिंत वाचायला सोपी जाते.

कधी जावं? पहिल्या आठवड्यात की नंतर?

ओळखी करायच्या असतील, काम दाखवायचं असेल तर पहिला आठवडा. जगभरचे संपादक, क्युरेटर, प्रकाशक तेव्हाच येतात. पण खोल्या मिळत नाहीत, मिळाल्या तर दुप्पट दराने. ऊन पस्तीस अंशांच्या वर जातं, आणि गाव भातखाचरं व दलदलीच्या कामार्ग प्रदेशाच्या तोंडाशी असल्याने डासही भरपूर. कोकणातल्या माणसाला यातलं काही नवीन नाही. इतरांनी ओडोमॉस न्यावं.

फक्त पाहायचं असेल तर सप्टेंबर. गर्दी ओसरलेली, हवा बरी, खोल्या स्वस्त. मी तरी सप्टेंबरच सुचवेन.

किती दिवस लागतात?

तीन दिवसांत निवडक प्रदर्शनं नीट पाहून होतात. दिवसाला सहा-सात प्रदर्शनांपलीकडे डोळे साथ देत नाहीत. सगळं ‘कव्हर’ करायच्या नादात सगळंच विसरलेले लोक परतीच्या गाडीत भेटतात.

तिकीट?

सगळी प्रदर्शनं पाहता येतील असा पास घ्या. दिवसाचा किंवा पूर्ण मोसमाचा. एकेका प्रदर्शनाचं तिकीट महाग पडतं. अठरा वर्षांखालच्यांना प्रवेश फुकट. आर्लच्या रहिवाशांनाही फुकट, पण त्याचा आपल्याला उपयोग नाही.

व्हिसा आणि प्रवास?

शेंगेन व्हिसा लागतो. प्रौढांसाठी शुल्क २०२४ पासून ९० युरो, केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. उन्हाळ्यात मुंबईतल्या अपॉइंटमेंट भराभर संपतात, म्हणून मार्चमध्येच हालचाल करा.

पॅरिसच्या गार द लिओं स्टेशनवरून आर्लला थेट वेगवान गाड्या आहेत, साधारण चार तास. पण त्या मोजक्याच, बाकी वेळी आव्हिन्याँ किंवा नीमला गाडी बदला. मार्सेलहून साधारण एक तास. गावात पोचल्यावर वाहनाची गरज नाही, सगळं पायी.

शाकाहारी माणसाचं काय होणार?

हाल होणार, पण उपाशी राहणार नाही. इथली खासियत बैलाच्या मांसाचा रस्सा, त्यामुळे थाळीत काय आहे ते विचारूनच घ्या. शनिवारी सकाळी मोठा आठवडी बाजार भरतो. फळं, चीज, ऑलिव्ह, पाव, भाज्या यांची चैन. स्वयंपाकघर असलेली खोली घेतलीत तर कामार्गचा स्थानिक तांदूळ आणा. तोही शेजारच्या खाचरांतला. त्यावर घरून नेलेलं मेतकूट आणि तूप, काम झालं.

फ्रेंच येत नसेल तर?

प्रदर्शनातला मजकूर फ्रेंच आणि इंग्रजी दोन्हीत असतो. दुकानात शिरताना ‘बोंझूर’ म्हणायला विसरू नका, त्याशिवाय कुणी ढुंकून बघत नाही.

माझं काम तिथे दाखवता येईल का?

मुख्य महोत्सवात थेट अर्ज करून शिरता येत नाही. डिस्कव्हरी विभागासाठीही एखाद्या गॅलरीने किंवा संस्थेने तुमचं नाव सुचवावं लागतं. पण तीन वाटा आहेत.

पहिल्या आठवड्यात पैसे भरून पोर्टफोलिओ, म्हणजे आपल्या निवडक फोटोंचा संच, दाखवण्याची सोय असते. एका तज्ज्ञाबरोबर वीस मिनिटं, समोरासमोर. वीस मिनिटं म्हणजे वीसच, घंटा वाजली की उठायचं. कौतुक ऐकायला जाऊ नका. वीस-पंचवीस छोटे प्रिंट न्या, आयपॅडपेक्षा प्रिंटचा परिणाम वेगळा होतो. आणि कुणापुढे बसताय ते आधी बघा. युद्धाचे फोटो निवडणाऱ्या संपादकाला लग्नाचे फोटो दाखवून दोघांचाही वेळ जातो. आपली मंडळी इथे बहुधा ‘बेस्ट ऑफ’ घेऊन जातात, लडाख, वाघ, वारी, होळी सगळं एकत्र. समोरचा पहिलाच प्रश्न विचारतो, "हे सगळं कशाबद्दल आहे?" त्याचं उत्तर एका वाक्यात देता येत नसेल तर आणखी एक वर्ष थांबलेलं बरं.

दुसरी वाट पुस्तकाची. तुमच्या फोटोपुस्तकाची छापण्याआधीची कच्ची प्रत पाठवता येते. निवड झाली तर पुस्तक छापायला मदत मिळते.

तिसरी, मुख्य महोत्सवाला समांतर चालणारं ‘ऑफ’. गावातली दुकानं, गाळे, घरं, अंगणं भाड्याने घेऊन लोक आपापली प्रदर्शनं लावतात. दर्जा कसाही, उत्साह उदंड. कधी कधी मुख्य प्रदर्शनांपेक्षा इथेच काहीतरी सापडतं.

कॅमेरा कोणता न्यावा?

कोणताही. फोन पुरे.

मुलांना घेऊन जावं का?

जरूर. रोमन नाट्यगृह आणि भुयारं त्यांना आवडतात. नग्नता किंवा हिंसा असलेल्या खोल्यांबाहेर सूचना असते, ती वाचून मग आत शिरा.

एवढा खर्च झेपणारा नाही. जवळ काही आहे?

आहे, आणि खरं तर तिथूनच सुरुवात करावी. चेन्नईत २०१६ पासून फोटो बिएनाले, म्हणजे साधारण दोन वर्षांनी होणारा महोत्सव, भरतं. २०१९ मध्ये पुष्पमाला एन. यांनी रचलेल्या पर्वाचं खूप नाव झालं. २०२१-२२ चं पर्व ‘मॅप्स ऑफ डिसक्वाएट’ या नावाने पर्यावरण, सत्ता, तंत्रज्ञान याच प्रश्नांवर होतं. हैदराबादला २०१५ पासून इंडियन फोटो फेस्टिव्हल आहे. ढाक्याचं ‘छबी मेला’ २००० सालापासूनचं, आशियातल्या जुन्या महोत्सवांपैकी एक. काठमांडूतही असा महोत्सव होतो, जुन्या पाटणच्या गल्ल्यांमधून. मुंबईत नरिमन पॉइंटला एनसीपीएच्या पिरामल गॅलरीत फोटोंची प्रदर्शनं लागतात. चेन्नईला जायचं तर दादरहून रात्रीची गाडी पकडा. बहुतेक प्रदर्शनं फुकट असतात आणि शाकाहाराचा प्रश्न तर मुळीच नाही.